सुया जाळायचं मशीन

आमच्या शेणव्याच्या दवाखान्यातला कंपाउंडर आईला दर आठवड्याला इंजेक्शन देतो. हात इतका हलका की आईच विचारते, "दिलं का रे?" तो हसतो. "कवाच दिलं, आजी." आणि ती सुई तशीच कचऱ्याच्या डब्यात टाकतो!

शेजारीच सुया जाळायचं मशीन आहे. त्यावर क्रोशाचा रुमाल घातलेला. रोज तो उचलून धूळ पुसणार, पुन्हा झाकणार. "अरे, वापर की ते!" म्हटलं, तर म्हणे, "वापरून खराब व्हईल ना, ताय."

दसऱ्याला त्याने मशीनला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. एवढ्यात केर काढणारी बाई कळवळत आली. डबा रिकामा करताना तिच्या बोटात सुई घुसली होती. रक्त येत होतं.

"काय नाय होत गो," म्हणत त्याने मशीनपुढची चिमूटभर हळद तिच्यापुढे धरली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचं बोट साबणाने धुतलं आणि शहापूरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला तिला उठवलं. निघताना माझा धक्का लागून मशीन कलंडलं. तेव्हा मात्र हा झेपावला. दोन्ही हातांनी त्याला सावरत माझ्यावरच ओरडला, "बघून चला ना, ताय! लागलं असतं ना त्याला!"