उंच टांगलेल्या बादल्या

मी गुळव्या. चाळीस हंगाम उसाचा रस आटवायच्या काहिलीपुढं उभा राहिलो. शाळा दुसरीपर्यंतच झाली, पण पाक कधी उतरवायचा हे विचारायला शिकलेली माणसं माझ्याकडं यायची. पुढं सगळा ऊस कारखान्याला जायला लागला आणि आमच्या भागातली गुऱ्हाळं एकेक करून थंड पडली. बायको गेली. मग मुलानं मला अमेरिकेत, श्रूजबरीला नेलं. दोन हजार चार-पाचच्या आसपासची ही गोष्ट.

पहिल्याच वर्षी, थंडी सरताना, आमच्या कॉलनीमागच्या शेडमधून वाफ निघताना दिसली. वास आला आणि मी चालतच गेलो. रस आटतोय हे मला कुणी सांगायला नको. तिथं माझ्याच वयाचा एक गोरा म्हातारा मेपलच्या झाडांचा रस लांबट काहिलीत आटवत होता. मी नुसता बघत उभा राहिलो. फेस चढायला लागला तेव्हा मी हात वर केला, त्याच क्षणी त्यानं जाळ कमी केला. तो माझ्याकडं बघून हसला. परदेशात मला माणूस म्हणून ओळखलं ते तेवढंच एकदा.

पुढच्या हिवाळ्यात त्याचं कमरेचं हाड मोडलं. मुलगा मला घेऊन त्याच्याकडं गेला आणि बोलणं झालं. मी बर्फात जाऊन झाडांना भोकं पाडायची, तोट्या ठोकायच्या, बादल्या टांगायच्या. रस सुटला की काहिलीपुढं मी उभं राहायचं. हा हंगाम नीट गेला तर पुढंही मीच. त्याची मुलगी जागा विकून टाक म्हणून मागं लागली होती, आणि हंगाम निघाला तर विकायची नाही, असं त्यानं तिला सांगितलं होतं. म्हणजे आम्हा दोघांचंही सगळं त्या ऐंशी झाडांवर होतं.

घरी मुलगा म्हणाला, "आबा, कशाला हे? घरात हीटर आहे, मराठी चॅनल लावून दिलाय."

"मी काय अंडं आहे, उबवत ठेवायला?"

"पडलात तर हॉस्पिटलमध्ये मलाच धावावं लागेल. ऑफिसमधून कितीदा सुट्टी घेऊ?"

"पडलो तर बर्फातच पडेन. मऊ असतो, तूच सांगतोस."

बर्फ कमरेला लागत होता. वरची साय कडक झालेली, म्हाताऱ्यानं दिलेली जाळीची पायताणं बांधली की तिच्यावरून चालता यायचं. पहिल्या दिवशी तो काठी टेकत कडेच्या झाडापर्यंत आला. त्यानं मला फावडं दिलं आणि खोडाभोवतीचा बर्फ जमिनीपर्यंत काढायला लावला. मग मला त्या खड्ड्यात उतरवून स्वतःच्या कमरेवर हात ठेवला. इथं भोक पाड. मुलानं इंग्रजीचं मराठी केलं, "प्रत्येक झाडाला आधी असं खणायचं म्हणतोय. मगच ड्रिल करायचं."

का, ते मुलानं विचारलं नाही. मीही विचारलं नाही. चाळीस हंगाम केलेल्या माणसानं झाडाभोवती आळं का करायचं, हे काय विचारायचं?

कारण मला ते आळंच वाटलं. झाडाला पाणी द्यायचं तेव्हा आपण आळं करतो. इथं तर झाड झोपलेलं, जमीन दगड झालेली, पाणी कुणी घालणार नव्हतं. म्हटलं, गोऱ्याची काहीतरी रीत असेल, आजोबा-पणजोबांची. बारा झाडांना केलं. एकेका झाडाला अर्धा अर्धा तास जायचा, बोटं बधिर व्हायची, मिशीवर बर्फ धरायचा. तेराव्या झाडापाशी फावडं रोवलं आणि मनात म्हटलं, बास. वरच उभा राहिलो, छातीच्या उंचीला गिरमिट लावलं, तोटी ठोकली, बादली टांगली. सरसर कामं उरकत गेली. दोन आठवड्यांचं काम सहा दिवसांत संपलं.

मी त्याच्या दारात जाऊन दहा बोटं आठदा दाखवली. तो खिडकीतून बघत म्हणाला, "सो फास्ट!" मला तेवढं इंग्रजी कळलं. त्या दिवशी मी ताठ मानेनं घरी आलो आणि सुनेकडं दोनदा चहा मागितला.

मग ऊन पडलं. दिवसा वितळायचं, रात्री गोठायचं, रसाला पाहिजे तसंच. बादल्यांत टपटप सुरू झाली. आणि रोज वीतभर बर्फ खाली बसत गेला. चौथ्या दिवशी मी बादल्या उतरवायला गेलो तर त्या माझ्या डोक्याच्या वर होत्या.

पायाखाली होती ती जमीन नव्हती, हे मला तेव्हा कळलं. जन्मभर जिथं उभा राहिलो ती जागा कधी खाली गेली नव्हती. हात कडेला पोचायचा, पण भरलेली बादली आकड्यावरून काढता यायची नाही. एक काढली ती अंगावर आली. शिडी आणली तर चिखलात तिचे पाय घसरले आणि मी पाठीवर आपटलो. म्हाताऱ्यानं लांबून आरडून मला थांबवलं. पुन्हा खाली भोकं पाडू का, म्हणून मी गिरमिट दाखवलं. त्यानं मान हलवली आणि खोडावर तळहात ठेवला. एका वर्षात एका झाडाला दोन जखमा तो करणार नव्हता.

रस बादल्यांतून ओसंडून खोडांवरून वाहत राहिला. मी त्याच्याखाली उभा होतो.

बारा झाडांचा तेवढा हाती लागला. काहिलीचा तळही नीट झाकत नव्हता. एवढ्या थोड्या रसावर जाळ केला तर काहील करपते, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. आम्ही दोघं चुलीपुढं उभे राहिलो. लाकडं रचलेली होती. त्यानं काडी ओढली नाही. मग हवा एकदम तापली, कळ्या फुगल्या, रसाला वास यायला लागला आणि हंगाम संपला.

मुलानं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "त्या म्हाताऱ्याला काही कळत नाही. बादल्या उंच लावायला त्यानंच सांगितलं."

"खरंच? मी तर वेगळंच ऐकलं होतं."

"मग तू चुकीचं ऐकलंस."

मुलगा त्याला भेटायला गेला तेव्हा मी गाडीतच बसलो. परत येऊन म्हणाला, "आबा, तो म्हणतो, बॅड इयर. हवेनं घात केला म्हणे. तुमचं नावसुद्धा काढलं नाही."

मी काच वर केली. उन्हाळ्यात त्याच्या जागेत मोजणीचे खांब रोवले गेले. मी खिडकीतून बघायचो. कधीतरी तो काठी घेऊन झाडांत हिंडताना दिसायचा. पाच मिनिटांची वाट होती. मी गेलो नाही.