टाळूवरची खूण

त्या शहरातल्या माणसांशी भाऊंची पहिली ओळख झाली ती त्यांच्या दातांवरून. चेहरे नंतर दिसले, आणि बोलणं कळायला तर फारच उशीर लागला.

धाकटी भावंडं त्यांना भाऊ म्हणत, मग सासरचेही भाऊच म्हणू लागले, आणि परदेशातल्या लॅबमध्येही तेच चिकटलं, कारण खरं नाव तिथल्या कुणाच्या तोंडात बसेना. काम कवळ्या करण्याचं. गावाकडे एका दातांच्या डॉक्टरांच्या मागच्या खोलीत सोळा वर्षं त्यांनी मेणात दात रोवले होते. मग एका जाहिरातीला उत्तर दिलं, हातच्या कामाचे फोटो पाठवले, आणि बेचाळिसाव्या वर्षी बायको-मुलीला घेऊन ते सातासमुद्रापार येऊन पडले.

लॅब म्हणजे एक लांबट खोली. पाच टेबलं, प्रत्येकावर एक दिवा, आणि सगळ्यांवर मिळून एक मोठ्या बाई. या बाई लॅबच्या प्रमुख; उंच, सडपातळ, बोलणं मोजकं. सकाळी डबे यायचे, डब्यात प्लॅस्टरचे जबडे, डब्यावर फक्त नंबर. माणूस कोण, कुठला, काही पत्ता नाही. भाऊ साचा हातात घेऊन दिव्याखाली फिरवत बसायचे. याच्या पुढच्या दाताला बारीक खाच आहे, म्हणजे दोरा दातानं तोडणारा शिंपी असणार. याची डावी बाजू झिजलेली आहे आणि उजवी कोरी करकरीत. उजवीकडची दाढ दुखत असूनही गड्यानं वर्षानुवर्षं डॉक्टरला हुलकावणी दिलेली दिसते. संध्याकाळी घरी येऊन ते हे सगळं बायकोला रंगवून सांगत.

"अहो, दात बघून माणसाची कुंडली मांडता," ती म्हणायची, "आणि समोरच्या दारात कोण राहतं ते अजून माहीत नाही आपल्याला!"

ते खरंच होतं. आणि भाऊंचा स्वभाव तर असा, की बंद दार दिसलं की आत काय असेल या विचारानं जीव कासावीस. जिन्यात शेजारी भेटले की हवेबद्दल बोलतात. हवा तर दोघांनाही दिसतेच आहे, मग सांगायचं काय त्यात? लॅबमधला माणूस "एकदा बसू या आपण" म्हणतो, ते नेमकं कधी? बसमधून उतरताना लोक ड्रायव्हरला धन्यवाद देतात, पण शेजारी बसलेल्याशी अवाक्षर बोलत नाहीत, ते का? विचारायचं तर भाषा हवी, आणि भाषेत एक आवाज असा, की त्यानं भाऊंना नाकी नऊ आणले होते. आपल्या 'स' आणि 'श'च्या मधे कुठेतरी अडकलेला, धड इकडचा ना तिकडचा. त्यांच्या बायकोला तो इस्पितळाच्या धुलाईघरात कामावरच्या बायकांबरोबर हसतखिदळत सहा महिन्यांत आला. नऊ वर्षांच्या मुलीला तर तो कधी आला तेही कुणाला कळलं नाही. भाऊ मात्र दुकानात पावती मागायचे आणि दुकानदाराला चिमणी ऐकू यायची.

"बाबा, तू परत चिमणी मागितलीस," मुलगी कानाशी कुजबुजायची.

"मी पावतीच म्हणालो."

"नाही रे. चिमणी."

तिथल्या भाषेतले ते दोन्ही शब्द भाऊंना खरोखरच सारखे ऐकू येत. खोड तिथेच होती.

अशात एक कवळी परत आली. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी: बोलताना शीळ वाजते. भाऊंनी माप तपासलं, पुढच्या दातांची धार केसभर उतरवली, पाठवली. आठवड्यानं परत. पुन्हा दुरुस्ती केली, आणि ती तिसऱ्यांदा परत आली. आता मोठ्या बाई टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. कवळी यंत्रात बसवून उघडमीट करून पाहिली.

"माप चोख आहे," त्या म्हणाल्या. "वय झालंय पेशंटचं. सवय होईल."

दुसरा कुणी असता तर सुटलो म्हणाला असता. भाऊंच्या डोक्यात मात्र किडा वळवळू लागला. माप चोख आहे तर शीळ येते कुठून? त्यांनी मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं, "मला हे तोंड बघायला मिळेल?"

बाईंच्या भुवया वर गेल्या. कारागिरानं पेशंटला भेटायची तिथे रीत नव्हती. पण त्यांनी फोन उचलला, डॉक्टरांशी बोलल्या, आणि गुरुवारी दुपारी दोनची वेळ ठरली.

आल्या त्या एक आजी. निळा कोट, ताठ पाठ, आणि बोलताना तोंडावर हात. एकतीस वर्षं त्यांनी रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा केल्या होत्या. निवृत्तीनंतर दर शनिवारी वाचनालयात लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवत. नवी कवळी बसल्यापासून मुलं गोष्ट ऐकायची सोडून शीळ कधी वाजते याची वाट बघत बसायची.

"गेले तीन शनिवार मी गेलेच नाही," आजी म्हणाल्या. "सर्दीचं निमित्त सांगितलं. आता सर्दी तरी किती दिवस चालवायची?"

"बोला," भाऊ म्हणाले. "तो आवाज काढा."

आजींनी काढला. मग बोटानं कवळी दाबून धरून दुसऱ्यांदा काढला. "कळला फरक?"

भाऊंनी कान टवकारले होते. काही म्हणजे काही कळलं नव्हतं. हो म्हणून मान डोलवावी, असं क्षणभर वाटलं. एरवी दुकानात, बसमध्ये ते तसंच करत आले होते. पण इथे तोंड एकाचं आणि काम दुसऱ्याचं. खोटं बोलून कवळी थोडीच सुधारणार?

"मला दोन्ही एकच वाटतात," ते म्हणाले. "माझ्या भाषेत हा आवाजच नाही."

मोठ्या बाईंनी मान दुसरीकडे वळवली. आजी मात्र खो खो हसल्या, आणि हसताना तोंडावर हात न्यायचं विसरल्या. "म्हणजे कवळी शिवणारा शिंपी बहिरा!"

त्या हसत होत्या तेव्हाच भाऊंना गावाकडचे डॉक्टर आठवले. तिथे कवळी बसली की डॉक्टर पेशंटला एकसष्टपासून सत्तरपर्यंत आकडे म्हणायला लावत, कारण त्या प्रत्येकात 'स' येतो. सगळे आकडे स्वच्छ आले की काम झालं. भाऊंनी सोळा वर्षं टाळूची कमान कोरली ती त्या आकड्यांच्या बेतानं, उंच आणि निमुळती. इथेही हात त्याच वळणावर चालला होता. पण एखादा पेशंट फारच अडला, तर डॉक्टर आणखी एक युक्ती करत. कवळीच्या टाळूवर बारीक पांढरी पूड भुरभुरवत आणि पेशंटला एकच अक्षर म्हणायला सांगत. जीभ जिथे टेकेल तिथली पूड ओली होऊन निघते. कानाला कळत नसेल, पण डोळ्याला तर दिसेल!

त्यांनी पूड टाकली. आजींनी एकदाच आवाज काढला आणि कवळी काढून हातावर ठेवली. दोन्ही बाजूंची पूड निघाली होती आणि मधे दोऱ्याएवढी बारीक पांढरी रेघ राहिली होती. तिथूनच वारा निघत होता. पण ती रेघ किती रुंद असायला हवी? ते सांगणारं धड तोंड हवं होतं, याच भाषेत वाढलेलं. भाऊंनी मोठ्या बाईंकडे पाहिलं.

"माझं?" बाई म्हणाल्या.

"टाळूवर बसेल असा पातळ पत्रा करतो. दुखणार नाही."

बाकीच्या चारही टेबलांवरचं काम थांबलं. ज्या बाईंनी आजवर कुणासमोर जांभईसुद्धा दिली नव्हती, त्या खुर्चीत आ वासून बसल्या. तासाभरात त्यांच्या टाळूचा कागदासारखा पातळ पत्रा तयार झाला, पूड पडली, बाईंनी अत्यंत गंभीर चेहऱ्यानं तो आवाज काढला. त्यांच्या टाळूवरची रेघ करंगळीएवढी रुंद निघाली. दोऱ्याएवढी कुठे आणि करंगळीएवढी कुठे! आजींच्या जिभेला त्या उंच, निमुळत्या कमानीत नको तितकं वर चढावं लागत होतं. भाऊंनी कमानीच्या मधोमध मेणाचा पातळ थर दिला, पूड टाकली. अर्धी करंगळी. आणखी जरासा थर दिला.

या खेपेला खूण बघायची वेळच आली नाही. आजी बोलता बोलता थबकल्या. तोच शब्द परत म्हणाल्या. मग सरळ उठून उभ्या राहिल्या आणि लॅबच्या मधोमध, स्टेशनवरच्या त्याच आवाजात, कुठल्याशा गाडीची पहिल्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंतची घोषणा करून टाकली. तो आवाज तीत सात वेळा होता म्हणे. भाऊंना बाईंनी बोटं मोजून दाखवलं.

मेणाच्या जागी पक्का थर बसला आणि आजी शनिवारी वाचनालयात गेल्या. भाऊ मुलीला घेऊन मागच्या रांगेत बसले. गोष्ट निम्मीच कळली, पण एकही पोर हसलं नाही, ते त्यांनी नीट पाहिलं.

सोमवारी भाऊंनी स्वतःच्या टाळूचा पत्रा केला. जेवणाच्या सुट्टीत आरशासमोर बसून पूड टाकायची, आवाज काढायचा, पत्रा काढून बाईंच्या पत्र्याशेजारी ठेवून बघायचं. पहिल्या दिवशी त्यांची खूण भलतीकडेच उमटली. जीभ दातांना चिकटत होती, ती बोटभर मागे न्यायची, एवढंच होतं सगळं. दोन वर्षं कानानं जे जमलं नाही ते डोळ्यानं तीन आठवड्यांत जमलं. संध्याकाळी जेवताना त्यांनी सहज सांगितल्यासारखा एक शब्द म्हटला. बायकोनं पोळी वाढता वाढता हात थांबवला. "परत म्हणा बरं," ती म्हणाली, आणि त्यांनी पाच वेळा म्हणून दाखवला.

पुढे गुरुवारची दुपार लॅबमध्ये बोलण्याच्या तक्रारींसाठी ठरूनच गेली. खिडकीपाशी एक खुर्ची आली, आरसा आला. डब्यावरच्या नंबरांना हळूहळू चेहरे येऊ लागले. दाताला खाच पडलेला शिंपी नव्हताच, सुतार निघाला. खिळे दातात धरायचा. भाऊंना आपला अंदाज चुकल्याचा कोण आनंद झाला.

एका गुरुवारी आजी परत आल्या. भाऊंनी हातातला साचा खाली ठेवला. "पुन्हा शीळ?"

"छे! मला वेगळंच विचारायचंय." त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला. "तुमच्या भाषेत असा आवाज आहे का, जो मला येणार नाही?"

भाऊंनी जीभ टाळूवर फिरवून पाहिली. "ळ," ते म्हणाले. "बाळ. फळ. आभाळ."

"बाल," आजी म्हणाल्या. "फल."

"अंहं. जिभेचं टोक मागे वळवायचं, वर टाळूला टेकवायचं आणि सोडून द्यायचं."

आजींनी डोळे मिटून प्रयत्न केला. काहीतरी र आणि ल यांच्या मधलं बाहेर पडलं. त्यांनी कवळी काढून पुढे केली आणि पुडीच्या डबीकडे बोट दाखवलं. भाऊ पूड भुरभुरवत असताना त्यांच्या पाठीमागून, अगदी हलक्या आवाजात, मोठ्या बाईही स्वतःशी म्हणून बघत होत्या, "आभाल... आभाड... आभा..."