दोन पाळ्यांची एक सायकल

दुपारच्या रणरणत्या उन्हात, रंगनाथकाकांच्या दारातल्या कडुनिंबाला टेकून उभी असलेली ती काळी सायकल दिसली, की भाजीवाली आपोआप गप्प व्हायची. चार घरं आधीपर्यंत ‘मेथी घ्या, पालक घ्या’ म्हणून गल्ली डोक्यावर घेणारी ती बाई पाटी सावरत, पाऊल न वाजवता पुढे सरकायची आणि काकांचं घर ओलांडलं की पुन्हा तिचा गळा मोकळा सुटायचा. आम्ही पोरं गोट्या घेऊन दुसऱ्या टोकाला पळायचो. कारण सायकल दारात आहे, याचा अर्थ घरात माणूस झोपलेला आहे, आणि तो रात्रभर भट्टीसमोर उभा राहून आलेला आहे... हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं. पण पाळायचे सगळेच.

ती सायकल काकांची होती आणि आमचीही होती. माझे वडील – आम्ही त्यांना आबा म्हणायचो – कुंभार पिंपळगावहून जालन्याला आलेले, काका केदारखेड्याहून. जिल्ह्याच्या दोन टोकांची ही दोन माणसं एमआयडीसीतल्या एकाच सळईच्या मिलमध्ये लागली, एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर राहिली आणि दोघांनी मिळून एक जुनी सायकल घेतली. मिलमध्ये बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. एक जण दिवसाला, दुसरा रात्रीला, महिन्याने उलट. सकाळी आबा सायकलवर मिलला जायचे आणि गेटवर ती काकांच्या हातात द्यायचे. काका तीच घेऊन घरी येऊन झोपायचे. संध्याकाळी काका तिच्यावरून कामाला जायचे आणि आबा तिच्यावरून परत यायचे. एका सायकलीवर दोन संसार चालले होते आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं.

सुट्टीतल्या सकाळी कधीतरी आबा मला पुढच्या दांडीवर बसवून गेटपर्यंत न्यायचे. तो रस्ता अजूनही माझ्या नाकात आहे – दोन्ही बाजूंच्या निंबांचा कडवट, मोहराच्या दिवसांत गोडसर होणारा गंध, बियाण्याच्या गोदामातून येणारा कोरड्या ज्वारीचा धुळकट वास, आबांच्या सदऱ्याला कायमचा बसलेला तेलाचा आणि तापल्या लोखंडाचा दर्प, आणि चेनच्या त्या एकसुरी कुरकुरीबरोबर आमच्या मागेपुढे चाललेल्या पन्नास-साठ सायकली... डबे खुळखुळायचे, कुणी विडी ओढायचं, कुणी मागच्याला हाक मारून कपाशीचं विचारायचं. एखादा ट्रक आला तर तो बिचारा मागे मागे यायचा. सायकली बाजूला होईपर्यंत त्याला घाई करता येत नसे. गेटवर काका उभे असायचे. डोळे लाल, भुवया भट्टीच्या धगीने विरळ झालेल्या.

“मागच्या चाकात हवा कमी हाय, रंगनाथ,” आबा सांगायचे.

“पाह्यतो मंग. दत्ताला कशाला आनलं ऊन व्हायच्या टायमाला? चल रे, मी नेतो घरी. सांभाळून बस, मला झोप येऊन राह्यली, तू बोलत राह्य.”

आणि मी घरापर्यंत बोलत राहायचो. काकांची हनुवटी मधूनच माझ्या डोक्याला टेकायची, मी ओरडायचो, ते हसायचे. पिशवीत आईने काकूंसाठी दिलेली शेंगदाण्याची चटणी असायची. गेटवर जाऊन ती पुन्हा समोरच्याच घरी यायची, पण सायकलीच्या पिशवीतून काहीतरी पाठवायचंच, अशी दोन्ही घरांतल्या बायकांची रीत होती.

सायकलीतली ही भागी मोडली कुणी? मी मोडली. शाळेत सातवीत एका पोराने मला ‘अर्धी सायकल’ म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव मला चिकटलं. त्याच्या घरी मोपेड होती. मी घरी येऊन फुगून बसलो, जेवलो नाही, आईशी भांडलो. आपलं असं, पूर्ण आपलं, एक तरी वाहन पाहिजे – ही माझी मागणी. पुढे काही महिन्यांनी आमच्या दारात मोपेड उभी राहिली आणि सायकल सगळीच काकांची झाली. त्या दिवशी मी गल्लीतून तीन चकरा मारल्या, हॉर्न वाजवत. काका दारात उभे राहून कौतुकाने बघत होते. “बराबर हाय,” ते म्हणाले, “पोराचं मन राखलं पाह्यजे.” आज आठवलं की स्वतःच्या त्या फुगलेल्या तोंडाला एक ठेवून द्यावीशी वाटते.

अर्थात मी एकटाच शहाणा नव्हतो. एकेक करून सगळ्यांच्याच दारात मोपेडी आल्या, मग मोटारसायकली, मग मोटारी. सायकलींची ती रांग विरळ होत होत एक दिवस दिसेनाशी झाली. काका शेवटची तीन-चार वर्षं त्या रस्त्याने जवळजवळ एकटेच सायकल मारायचे, अंग चोरून, डांबर सोडून, कडेच्या मातीतून. मग त्यांनीही सायकल भंगारात दिली. आमच्या गावात भंगार वितळवून सळई करतात. तिची कुठली सळई झाली आणि ती कुठल्या पुलात गेली, देव जाणे.

आणि आता हा रस्ता. मला या रस्त्याची शिसारी येते, हे मी स्पष्टच सांगतो. निंब कापले, रस्ता दुप्पट केला, मध्ये कमरेएवढा दुभाजक घातला. वर्षभर मोकळा वाटला आणि मग तो पुन्हा तुंबला, आधीपेक्षा वाईट. भंगाराचे ट्रक, उसाच्या ट्रॉल्या, माणसं बाहेर लोंबकळणारे टेम्पो, तिघं-तिघं बसलेल्या मोटारसायकली, आणि एकेका माणसाला घेऊन निघालेल्या लांबलचक मोटारी – त्यात माझीही एक. शहर चारी दिशांना पसरत चाललंय, पण साधी भरवशाची बस नाही, पायी चालायला हातभर जागा नाही. जी जागा होती तिथे गाड्या उभ्या. दोरीवर वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळी काळपट होऊन निघतं. दुभाजकावर गुटख्याच्या पिचकाऱ्यांचे लाल ओघळ, काचा खाली करून सुशिक्षित माणसांनी टाकलेले. आणि हॉर्न... सिग्नल लाल असताना हॉर्न, पुढे भिंत असली तरी हॉर्न, कारण नसताना नुसता अंगठा शिवशिवतो म्हणून हॉर्न. आंघोळ करून बाहेर पडावं आणि कोपऱ्यापर्यंत जाईतो पुन्हा आंघोळीची गरज वाटावी, असा हा रस्ता आहे, आणि आम्हीच तो हौसेने मागून घेतला आहे.

या रस्त्याने दोन म्हाताऱ्यांची ताटातूट केली. आबांचे गुडघे गेलेले, काकांची कंबर. दुभाजक ओलांडता येईना. गाडीने जायचं तर वळणासाठी पार पुढच्या चौकापर्यंत जावं लागे आणि गर्दीतून पलीकडच्या बाजूने परत यावं लागे – जे घर आमच्या ओट्यावरून दिसतं, तिथे पोचायला अर्धा-पाऊण तास. मग दोघांनी त्यावर उपाय काढला. संध्याकाळी आबा आमच्या ओट्यावर खुर्ची टाकायचे, काका त्यांच्या. दोन ट्रकांच्या मध्ये फट मिळाली की हात वर करायचे. बोलणं शक्यच नव्हतं. मिलने दोघांचेही कान जड केलेले. “रविवारी नेतो तुम्हाला,” मी आबांना म्हणायचो. किती रविवार म्हणालो, ते माझं मलाच ठाऊक.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी काकांच्या मुलाचा, गजाननचा फोन आला. रात्रीतून काका गेले होते. अकराला उचलणार होते.

आबांनी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली आणि काठी घेऊन दारात उभे राहिले.

“चल, पायीच जाऊ. त्या कठड्यावर चढतो मी, तू नुसता हात दे.”

“आबा, पडाल. ऊन बघा केवढंय. गाडीने नेतो, दहा मिनिटांत पोचू.”

“दहा मिन्टात न्हाई पोचत, दत्ता. मला खांदा द्यायचाय त्याला. बाकी काई न्हाई.”

“पोचू आबा, बसा तुम्ही.”

मला त्यांच्या पडण्याची काळजी होती, हे खरं. पण ऐन वर्दळीत, लोकांच्या देखत, म्हाताऱ्या बापाला दुभाजकावरून चढवताना कसं दिसेल, हेही मनात आलं होतं. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

चौकापर्यंत जाण्यातच वीस मिनिटं गेली. वळून पलीकडच्या बाजूला लागलो आणि काकांचं घर दिसायच्या आधीच सगळं ठप्प झालं. पुढे ट्रॉली, शेजारी टेम्पो, टेम्पोचा काळा धूर सरळ काचेवर. आबा मांडीवर टोपी घेऊन बसले होते. टोपीची घडी घालत होते, उलगडत होते. मग एकाएकी त्यांनी दार उघडलं.

“आबा, कुठं चाललात? थांबा!”

“तू ये मागून,” ते म्हणाले आणि काठी टेकत, एक हात टेम्पोच्या अंगावर ठेवून, गाड्यांच्या मधल्या त्या वीतभर फटीतून निघाले. क्षणभर पांढरी टोपी दिसली, मग तीही दिसेनाशी झाली. मला उतरता येईना. गाडी तिथे सोडून जाणार कशी?

अकरा वाजून गेले. रांग गोगलगायीसारखी सरकायची आणि थांबायची. माझ्या डोक्यात सणक गेली. आबा एकटे गेले, पडले तर, उशीर झाला तर... आणि पुढे कोण हा शहाणा रस्ता अडवून बसला आहे? मी हॉर्न दाबला. पुन्हा दाबला. मग अंगठा काढलाच नाही. मागच्यानेही सुरू केलं, त्याच्या मागच्यानेही. काच खाली करून मी शिवीसुद्धा दिली.

हळूहळू रांग सुटली. काकांचं घर आलं. दारात नुसत्या बायका उभ्या होत्या. गजाननची बायको डोळे पुसत म्हणाली, “आबा आल्ते, भाऊजी. वाटंतच गाठलं त्यांनी. खांदा देऊन राह्यले, आत्ताच पुढं गेले सगळे.” मी पुढे पाहिलं. रस्त्यावर झेंडूच्या पाकळ्या आणि लाह्या सांडलेल्या होत्या, थेट जिथवर नजर जाईल तिथवर, आणि त्यांवरून सावकाश, एकामागे एक गाड्या चालल्या होत्या. रस्ता कुणी अडवला होता, ते मला तेव्हा कळलं. माझा हात हॉर्नवरून काढून मी मांडीवर ठेवला. त्या हाताची मला किळस आली.

संध्याकाळी आंघोळ करून आबा ओट्यावर बसले. खांद्याला त्यांनी तेल लावून घेतलं होतं. समोर काकांची खुर्ची नव्हती.

“पाच पावलंच दिला खांदा,” मग ते म्हणाले, “पर दिला. पोरांनी धरलं मला दोन्हीकडून.”

“बरं झालं, आबा.”

“एक गाडीवाला मागून सारखा हॉर्न मारू लागल्ता. मला बहिऱ्याला ऐकू आला, म्हंजे बघ. कोन होता रे?”

“असेल कुणीतरी,” मी म्हणालो.

“मानसं लय बेकार झाली, दत्ता.”

मी हो म्हणालो.