अमेरिकेच्या तासाला मी एकटी

मंडळी, आज सकाळी नातीचा फोन आला होता. ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, विषय जगाचा इतिहास. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध वाचता वाचता मध्येच विचारलं तिने, "आजी, संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी तू गिरगावातच होतीस ना? मोर्चात गेली होतीस?"

म्हटलं, "नाही गं. तासाला बसले होते."

त्या तासालाही अमेरिकेचा हाच धडा होता. वडील सरकारी कचेरीत कारकून. मोर्चात दिसलीस तर कॉलेज बंद, असं त्यांनी बजावलं होतं. ठाकूरद्वाराकडून घोषणा ऐकू येत होत्या आणि वर्गात फक्त सर आणि मी.

सरांनी हजेरी घेतली. एकेक नंबर पुकारला, रिकाम्या बाकाकडे बघून जरा थांबले, आणि सगळ्यांना हजर लावलं. मग बोस्टनच्या बंदरात लोकांनी चहाच्या पेट्या कशा फेकल्या, ते शिकवलं. मी शब्द न् शब्द उतरवून घेतला.

दुसऱ्या दिवशी माझी मैत्रीण कुसुम डोक्याला पट्टी बांधून आली. मी वही पुढे केली. "राहू दे," म्हणाली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. वर्षभर माझ्या शेजारी कोणी बसलं नाही.

त्या दिवशी रस्त्यावर असलेलं तुमच्यात कोणी आहे का? असाल तर एकदा घरी या. मी एकटीच असते. अमेरिकेचं सगळं माझ्या वहीत आहे हो. आपलं तेवढं उतरवून घ्यायचं राहिलं.