घळीतलं तळं

आमच्या शेताच्या कडेनं एक घळ तापीकडे उतरायची. दर पावसाळ्यात ती थोडी काळी माती गिळायची. एकोणीसशे पन्नासच्या दशकात मी लग्न होऊन प्रकाशा या तीर्थगावाजवळच्या त्या खेड्यात आले, तेव्हा घरातले पुरुष तिच्याकडे बघून फक्त शिव्या द्यायचे.

माझी थोरली जाऊ खांडबाऱ्याकडची. एका उन्हाळ्यात ती राखेची पाटी घेऊन घळीत उतरली आणि रेघा ओढू लागली. इथं दगडांचे आडवे बांध, उतारावर निरगुडी, काठाला करंज, खालच्या खोलगटात तळं. ढोरांची वाट एकीकडे, बायकांच्या पायऱ्या दुसरीकडे. पायरी केवढी उंच हवी, हे तिनं मला भरली घागर घेऊन चढायला लावून ठरवलं.

जेठ, म्हणजे तिचे यजमान, हसले. “घळमा बगीचा? तुन्हं डोकं फिरनं का?”

“पानीले बसाले जागा दिधी, तं ते कसाले पयी?” ती म्हणाली. बसायला जागा मिळाली तर पाणी कशाला पळेल, एवढं साधं तिचं गणित.

आम्ही दोघी आणि दोन मजूर, तीन उन्हाळे खपलो. माती धरली, करंज वाढले. तळ्यात माघापर्यंत पाणी राहू लागलं, बगळे आले. संध्याकाळी गावातल्या बायका पायऱ्यांवर पाय सोडून बसायच्या. सासरी मोकळेपणानं बसता येईल अशी तेवढीच एक जागा होती.

मग साठच्या दशकात पाणी उपसायचं इंजिन आलं, केळी आली. जमीन कमी वाटू लागली. जाऊ वडिलांच्या आजारपणासाठी माहेरी गेली होती, तेवढ्यात जेठांनी करंज तोडले, बांधांचे दगड ओढून तळं बुजवलं आणि वर केळी लावली. मी आडवी गेले, पण माझं कोण ऐकणार?

ती परतली. बैलगाडीतून उतरून सरळ घळीकडे गेली. केळीच्या रोपांमधून पायऱ्यांच्या जागेपर्यंत चालत गेली.

“मन्ही वाट तरी दखतात,” एवढंच जेठांना म्हणाली. ती येईपर्यंत तरी थांबायचं होतं त्यांनी.

दुसऱ्या आषाढात पाण्यानं आपली जुनी वाट शोधली. केळी गेली, खालची दोन वावरं गेली. जेठ स्वतः तिच्यापुढे येऊन म्हणाले, “परत आखी दे.”

ती घळीत उतरली. राखेच्या रेघा ओढायला कुठं सपाट माती उरलेली नव्हती. तरी तिनं कडेला निरगुडीच्या काड्या खोचल्या. त्यातल्या थोड्या जगल्या. तळं मात्र पुन्हा झालं नाही, आणि बायका आपापल्या ओट्यांवर परतल्या.