मागाच्या खड्ड्यावर गाडी

शेजारच्या आप्पांचा मुलगा जर्मनीत असतो. दर शनिवारी तिथलं एखादं जुनं गाव बघायचं आणि सुट्टीत वडगावला आला की फोटो घेऊन आमच्या दारात.

"आक्का, ह्यो हातमाग बघा. भोवतीनं दोरी बांधलीया, हात लावू देत न्हाईत. लई जपत्यात!"

स्वतःच्या घरातला माग मात्र त्यानंच मोडून विकला. वडील जन्मभर ज्या खड्ड्यात पाय सोडून विणत बसले, तो सिमेंटनं बुजवून वर गाडी लावली.

यंदा खंडेनवमीला त्यानं गाडीला हार घातला. वडील ओणवे होऊन गाडीखाली हात घालत होते, बुजलेल्या खड्ड्यावर झेंडूचं फूल ठेवायला.

"आप्पा, सरका. गाडी काढायचीय."

माझं डोकंच फिरलं.

"आधी दोरी आण रं," मी दारातनं ओरडले, "आप्पांच्या भोवतीनं बांध. मग तरी जपशील!"