बोंबील न खाणारा भाडेकरू

परवा बोईसरच्या बाजारात मोहरीच्या तेलात मासे तळल्याचा झणझणीत वास आला आणि मला आमच्या चाळीतला जुना भाडेकरू शफीक आठवला. तो बंगालचा गवंडी.

तेव्हा घुसखोर शोधायला पोलिसांनी कागद तपासेपर्यंत बाहेरच्या कामगारांना नाक्यावरच्या समाजमंदिरात डांबलं होतं. तिथे आता लग्नं लागतात. ज्याची ओळख पटणार नाही, त्याला सीमेपार पाठवणार होते. घरमालक म्हणून मला बोलावलं. खिडकीच्या गजांतून शफीक माझ्याकडे आशेनं बघत होता.

"काका, हा इकडचाच ना?" हवालदारानं विचारलं.

मी पडलो इथल्याच किनाऱ्यावरच्या नवापूरचा. "दोन वर्सं झाली, सुका बोंबील तोंडाला लावत नाय," मी हळूच सांगितलं. हवालदारही किनाऱ्यावरचाच; त्यानं गंभीरपणे मान हलवली आणि शफीकला आतच ठेवलं.

पाच दिवसांनी गावाहून कागद आले. शफीक सुटला आणि आल्या आल्या भांडी बांधू लागला. मी ओशाळून बोंबलाचं सांगून टाकलं.

"दादा, सूखा बोंबील तो सरहद के उस पार वाले शौक से खाते हैं," तो म्हणाला. "हमारे घर में नहीं चलता."

तो गेला. आता एखादा भाडेकरू मिटक्या मारत सुका बोंबील खाऊ लागला, की मी चोरून त्याच्याकडे बघतो. माझी खोड काही गेलेली नाही.